दोन साक्षीदार

आई गेल्यानंतर दीड वर्षाने मी कसबा बावड्यातला फ्लॅट विकायला काढला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि गुडघे जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायला लावत होते. धाकटा भाऊ जयसिंगपूरला राहतो. त्याच्याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने मिळत होत्या. "ये इकडं, तिथं एकटी काय करतेस?" असं तो फोनवर विचारायचा. एकटी काय करते ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

मी पाटबंधारे खात्यात स्टेनो होते. नोकरीभर बदल्या झाल्या, लग्न झालं नाही, आणि निवृत्त होऊन इथे आले तेव्हा आई अंथरुणाला खिळत चालली होती. मी कुणाकडे जाईनाशी झाले. मग कुणी माझ्याकडे येईनासं झालं. यात कुणाचा दोष नाही.

घर विकायचं तर एजंट हवा. पहिला मिळाला तो पेपरातल्या जाहिरातीतून. तरणाताठा, कानात ब्लूटूथ लावलेला. मोबाईल समोर धरून खोल्यांमधून फिरता फिरता त्याने विचारलं, "घरात कोण कोण असतं काकू?"

"मी."

"आणि?"

"मीच."

त्याचा व्हिडिओ नंतर त्याने मला पाठवला. त्यात बाल्कनीतली माझी वाळत घातलेली साडी होती आणि मागून माझाच आवाज, "चपला बाहेर काढा." तो आवाज ऐकून मी दचकले. इतका कडक आवाज माझा? पुढे त्या माणसाने फोन उचलला नाही.

दुसऱ्याने पहिल्याच भेटीत कागद पुढे केला. वर्षभर दुसऱ्या कुणाला घर दाखवायचं नाही, अशी अट. मी सही केली नाही.

तिसरा मिळाला योगायोगाने. लाईट बिलाची झेरॉक्स काढायला गेले होते, तर शेजारच्या गाळ्यात एक टेबल आणि तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून पन्नाशीचे एक गृहस्थ बसलेले. वर पाटी होती, 'फ्लॅट, प्लॉट, भाड्याने खोल्या'. मी सगळं सांगितलं. चौरस फूट विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "आणि विकून तुम्ही जाणार कुठं ताई?"

हे आधीच्या दोघांनी विचारलं नव्हतं. काम मी त्यांनाच दिलं.

रविवारी ते गिऱ्हाईक घेऊन येऊ लागले. मी सकाळीच घर पुसून घ्यायची, इस्त्रीची साडी नेसायची. पोहे तर व्हायचेच. कुणाला साखर कमी, कुणाला दूधच नको, ते विचारून चहा. एका कुटुंबातली चार-पाच वर्षांची मुलगी माझ्या आईच्या पलंगावर चढून उड्या मारायला लागली. तिची आई ओरडली तर मीच म्हटलं, "मारू दे हो." पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, हे मी सगळ्यांना आपण होऊन सांगायची. तेवढ्यावरून बोलणं वाढायचं. लोक तासभर बसायचे, छान घर आहे म्हणायचे, आणि पुन्हा यायचे नाहीत.

असे सात-आठ रविवार झाले. एकदा मंडळी जिना उतरून गेली तरी एजंट दारातच उभे राहिले.

"ताई, राग मानू नका. तुम्हाला घर विकायचं हाय, का पावणं बोलवायचं हाईत?"

मी कपबश्या गोळा करत होते. म्हटलं, "माणसं येतात. बरं वाटतं."

त्यांनी मोबाईल काढून उगीच बघितला, परत खिशात ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या टायमाला तुम्ही जरा बाहेर बसा. किल्ली माझ्याकडं द्या. ओलीचं मी सांगतो की, लपवत न्हाय. पण पोहे नकोत."

त्यानंतरचे दोन रविवार मी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसले. केएमटीच्या बसेस थांबायच्या, कंडक्टर माझ्याकडे बघायचा, मी मान हलवून नाही म्हणायची. वर माझ्या घरात अनोळखी माणसं कपाटं उघडून बघत असतील, असं मनात येत राहायचं. दुसऱ्याच रविवारी घर ठरलं. नवराबायको दोघंही नोकरी करणारी होती. त्यांना मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

व्यवहार ठरल्यावर एजंटांचा फोन आला. "खरेदीखताला तुमच्या बाजूनं दोन साक्षीदार लागतील. तुम्हाला ओळखणारं कुणीबी चालेल."

भावाचं नुकतंच मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं, वहिनी त्याच्या उशाशी. मी जुनी डायरी घेऊन बसले. ऑफिसातली एक मैत्रीण मुलीकडे पुण्याला गेलेली, दुसरीचा नंबर लागेना. तिसऱ्या नावासमोर मीच कधीतरी 'वारल्या' असं लिहून ठेवलं होतं. समोरचा फ्लॅट बंद. खालच्या मजल्यावरच्या बाईंना सहा वर्षं मी जिन्यात हसून मान हलवत आले होते. त्यांच्या दारापर्यंत गेले. आत टीव्ही चालू होता, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. बेल न वाजवता परत वर आले.

दोन दिवसांनी एजंटांना सांगितलं, "माझ्याकडे कोणी नाही." हे वाक्य मी तोवर मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं.

"असू दे की," ते म्हणाले. "मी हाय. आणि आमच्या मंडळीस्नी आणतो."

निबंधक कचेरीत त्यांची बायको माझ्या शेजारी बसली. ब्लाउज शिवते म्हणाली. पर्समधून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. फोटो झाले, अंगठे झाले. कारकुनाने कागदावरून नजर न उचलता तिला विचारलं, "ह्या बाईंना ओळखता?"

"व्हय तर," ती म्हणाली. "आमच्या ताई हाईत."

तिची माझी ओळख होऊन तास झाला होता. मी टेबलावरच्या शाईच्या डबीकडे बघत राहिले. डोळे भरले होते आणि अंगठ्याला शाई लागलेली, त्यामुळे पुसता येईनात. तिनेच पदराने पुसले.

त्या महिनाअखेरीला मी जयसिंगपूरला आले. आठवड्याने एजंटांचा फोन आला. मला फार आनंद झाला, घाईने उचलला. पण घर विकून झालेलं, आता बोलायचं कशावर? गिऱ्हाईक नाही, भाव नाही, रविवार नाही.

"पाणी येतंय न्हवं वेळेवर?" त्यांनी विचारलं.

"येतंय."

"बरं. तब्येत?"

"चांगली आहे. घरी सांगा, विचारलं म्हणून."

"सांगतो की," ते म्हणाले. "ठेवू का मग ताई?"

"ठेवा," मी म्हटलं, आणि भावाला वॉकर धरून चालवायची वेळ झाली होती म्हणून दार ओढून निघाले.