कापूस लागलेले एकोणतीस फॉर्म

"महाजन, हे सगळे फॉर्म तुम्ही घरी बसून भरलेत," भंगाळे साहेब म्हणाले आणि शिंकले.

साहेबांची शिंक ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या जळगावच्या ऑफिसात ते शिंकले की पंखा उलटा फिरायचा आणि रस्त्यापलीकडच्या चहावाल्याचा स्टोव्ह विझायचा. त्या सकाळी ते सात वेळा शिंकले. कारण टेबलावरच्या त्या एकोणतीस फॉर्मांच्या घडीघडीत कापूस होता. बारीक, पांढरा, नेमका नाकात जाणारा.

मी तेव्हा तपासनीस होतो, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. काम ऐकायला सोपं होतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली जी पोरं एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. झाली, त्यांचं पुढं काय झालं, कामाला लागली का आणि महिन्याला कमावतात किती, हे मोजायचं. कॉलेजांकडून पत्ते घेतले, आठ पानी इंग्रजी फॉर्म छापला, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट जोडलं आणि पोस्टात टाकलं.

पाठवलेल्यांपैकी किती फॉर्म भरून परत आले, त्याला आम्ही रिस्पॉन्स म्हणतो. बोदवडला चाळीस पाठवले होते, सहा आले. त्यातल्या चौघांना वाटलं होतं की ही नोकरीची जाहिरात आहे. त्यांनी मार्कशीटच्या ट्रू कॉप्या आणि पासपोर्ट साइज फोटो जोडले होते. एकाने तर इंटरव्ह्यूला सकाळच्या गाडीने येऊ की दुपारच्या, असं विचारलं होतं.

धरणगावला एकोणतीस पाठवले आणि एकोणतीस आले. पूर्ण रिस्पॉन्स बघून लोकांना आनंद होत असेल. संख्याशास्त्राच्या माणसाला पोलीस ठाणं आठवतं.

त्यात सगळ्या फॉर्मांवर अक्षर एकच. निळ्या शाईतलं, मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. खाडाखोड होती ती फक्त मासिक उत्पन्नाच्या चौकटीत. तिथं वर एक आकडा, त्यावर पट्टी धरून मारलेली रेघ आणि खाली दुसरा आकडा. बहुतेक ठिकाणी खालचा आकडा वरच्यापेक्षा कमी. सह्या मात्र एकोणतीस तऱ्हेच्या होत्या. मी तसं म्हटल्यावर साहेब म्हणाले की सह्या काय, डाव्या हातानेही करता येतात.

माझा गुन्हा इतकाच होता की मी धरणगावला कधी गेलोच नव्हतो. पाकिटं पोस्टात टाकून मी शिरपूर-धुळ्याकडे दौऱ्यावर निघून गेलो होतो. तिकडचे फॉर्म मात्र मी दारोदार फिरून, स्वतः विचारून भरले होते आणि त्याचा मला भलताच अभिमान होता.

"सोमवारी मी स्वतः येतो," साहेब म्हणाले. "दहा घरं बघू. एक जरी फॉर्म खोटा निघाला, तर सगळे रद्दीत आणि तुमची पुढची ऑर्डर पण."

भरून आलेला फॉर्म दुसऱ्याने जाऊन पुन्हा तपासतो, त्याला बॅक-चेक म्हणतात. घरी सहा महिन्यांची लेक होती, ऑर्डर संपायला अकरा दिवस होते. रविवारी रात्री मी जेवलो नाही, म्हणजे दोनच भाकरी खाल्ल्या.

सोमवारी धरणगावला उतरलो आणि आधी पोस्टमनला गाठलं. दगडूनाना म्हणून वाळकासा माणूस, निवृत्तीला टेकलेला. ही पाकिटं कुणाकुणाला दिली, असं साहेबांनी विचारलं. नानांनी जराही न अडखळता सांगितलं की सगळी पिंजाऱ्याच्या दुकानात, शमीमआपाला दिली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या नावाची पाकिटं तिसऱ्याला का दिली, असं विचारल्यावर नाना म्हणाले, "इंग्रजी कागद व्हता ना साहेब. गावना बठ्ठा इंग्रजी कागद शेवटी आपाकडेच येतस. मंग मी दोन डाव कशाले हिंडू?"

यावर पोस्टखात्याचे सगळे नियम मिळूनही उत्तर देऊ शकले नसते. साहेबांनी ठरवलं, आधी घरं बघायची आणि त्या बाईंकडे शेवटी जायचं, म्हणजे त्यांना कुणाला पढवायला वेळ मिळणार नाही.

पहिलं घर चौधरींचं. मराठीत एम.ए., दारावर 'प्रोफेसर' अशी पाटी. कॉलेजात तासांवर शिकवायचे, म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे. साहेबांनी उत्पन्न विचारलं. चौधरींनी छाती फुगवली आणि अकराशे सांगितलं. फॉर्मवर अकराशेवर रेघ होती आणि खाली चारशे साठ.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी ऑर्डर मला त्यांच्या डोळ्यांत फाटताना दिसली. त्यांनी फॉर्म चौधरींपुढे धरला आणि हे कुणी लिहिलं, म्हणून विचारलं. चौधरींनी अक्षर पाहिलं आणि त्यांची छाती हळूहळू जागेवर आली.

"आपानं लिहिलंय ना," ते म्हणाले. "मग तेच बरोबर आहे."

आतून त्यांच्या बायकोच्या बांगड्या वाजल्या. ती हसत होती.

पुढची आठ घरं अशीच. प्रत्येकाने आधी वरचा आकडा सांगितला, मग आपाचं नाव ऐकून खालचा कबूल केला. एकजण कामासाठी सुरतेला राहत होता. त्याच्या वडिलांनी वरचा आकडा सांगितला. रेघ बघून म्हणाले, आपानं फॉर्म सहीला पाठवून पोराला पत्रातून विचारलं असेल. तसंच होतं, त्याचं उत्तर फॉर्मला टाचलेलं होतं. दहावं घर एका केळीवाल्याच्या पोराचं. एम.एस्सी. झालेला, म्हणाला, मी काहीच कमवत नाही, शेतात असतो. त्याच्या फॉर्मवर मात्र शून्यावर रेघ मारून खाली असा आकडा लिहिला होता की साहेबांनी आपल्या पगाराशी ताडून पाहिला आणि घोटभर पाणी मागितलं. पोरगा लाजून म्हणाला, केळीचे घड भुसावळला मीच पाठवतो, पण बाबा म्हणतात सरकारी कागदावर लिहू नको.

शेवटी आम्ही दुकानात गेलो. बाजारातलं लांबट, अंधारं दुकान. रहीमचाचा पिंजणाची तात वाजवत बसलेले, भोवती कापसाचा एवढा ढग की त्यात बैलगाडी हरवावी. ढगाच्या पलीकडे लाकडी पेटीवर वही ठेवून एक तिशीतल्या बाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, पदरावर कापूस, चष्म्यावर कापूस. ह्याच चाचांची लेक शमीमआपा, अर्थशास्त्रात एम.ए. साहेबांनी आत पाऊल टाकलं आणि अशी शिंक दिली की ढगाला खिंडार पडून आम्हा सगळ्यांना एकमेकांची तोंडं नीट दिसली.

साहेबांनी सरळ विचारलं, लोकांचं उत्पन्न बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला.

"बदललं नाही, साहेब. त्यानं सांगितलं ते वर तसंच ठेवलंय," आपा म्हणाल्या. "चौधरी म्हणाला अकराशे. मी म्हटलं, भाऊ, दिवाळीला गादी घेऊन आलास तेव्हा नवा कापूस नको, जुनाच पिंजून दे म्हणालास. तोच कापूस चौथ्यांदा. अकराशेवाला माणूस चौथ्यांदा तोच कापूस पिंजून घेत नाही. मग तो बसला आणि महिन्या-महिन्याने सांगायला लागला. अकराशे त्याला ऑगस्टात मिळतात. मे महिन्यात काहीच नाही. बाराही महिने मांडले आणि बारानं भागलं."

"आणि तो केळीवाला?"

"त्यानं पाच गाद्या नेल्या. पाचही नव्या कापसाच्या."

साहेब पेटीशेजारच्या गादीवर बसले. माणूस सांगतो ते उत्पन्न आणि माणूस जगतो तो खर्च, यांचा मेळ बसतो का, हे पाहण्याला आमच्यात कन्सिस्टन्सी चेक म्हणतात. ते शिकायला सरकारने मला तीन आठवडे पुण्याला पाठवलं होतं, येण्याजाण्याचं भाडं देऊन. आपा ते पेटीवर बसून करत होत्या आणि परतीच्या पाकिटाला गोंद लावून वेळेवर पोस्टात टाकत होत्या.

मग साहेबांनी एकोणतिसावा फॉर्म काढला. तो आपांचा स्वतःचा होता. काम शोधत आहे, आठ वर्षांपासून. उत्पन्न शून्य. त्या शून्यावर रेघ नव्हती.

साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले की आमच्या नियमाप्रमाणे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा माणूस कामावर आहे असं धरतात, तेव्हा तुम्ही त्या चौकटीत खूण करायला हवी होती.

"मदत करते ती अब्बांना," आपा म्हणाल्या. "शोधते ते स्वतःसाठी. दोन खुणा करायची परवानगी असती तर दोन केल्या असत्या."

पिंजणाची तात थांबली. चाचा इतका वेळ ऐकत होते हे तेव्हा कळलं.

साहेबांनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. जळगाव आल्यावर म्हणाले, तुमची ऑर्डर मी वाढवतोय. मी त्यांच्या पाया पडायच्या बेतात होतो, तेवढ्यात म्हणाले, आणि तुमच्यावर एक माणूस बसवतोय, ती बाई येईल का विचारा.

मी विचारायला गेलो. आपांनी चाचांकडे पाहिलं. चाचा तातेवरचा कापूस काढत म्हणाले, "जा बेटी. रुई कहीं भागी नहीं जा रही."

त्या रोज सकाळच्या गाडीने जळगावला यायला लागल्या आणि तिसऱ्या दिवशी माझे शिरपूर-धुळ्याचे फॉर्म उघडून बसल्या. ज्यांचा मला भलताच अभिमान होता, तेच. पंधरा मिनिटांनी त्यांनी इतकंच विचारलं, "महाजनभाऊ, हे सगळे आकडे ऑगस्टातले का?"

ऑगस्टातलेच होते, म्हणजे ज्याच्या त्याच्या सगळ्यात भरल्या महिन्याचे. पोरांनी सांगितलं, मी लिहिलं. धरणगावची पोरं आमच्या तक्त्यात सगळ्या खानदेशात सर्वांत गरीब दिसत होती, ती यामुळे. बाकीच्या गावांत विचारायला मी गेलो होतो.

मग मला पुन्हा सगळीकडे पाठवलं. हातात सायक्लोस्टाइल केलेली पुरवणी, त्यात दोन प्रश्न: बारा महिन्यांचं वेगवेगळं सांगा, आणि घरातली गादी शेवटची कधी भरली, नव्या कापसाने की जुन्या. शिरपुरात लोकांनी मला गाद्यांचा एजंट समजून सात ऑर्डरी दिल्या. त्या मी इमानदारीने चाचांना पोचवल्या. धुळ्यात एका एम.कॉम.च्या सासूने दारातच अडवून सांगितलं की गादी आम्ही लग्नात दिली, जावयाला काय विचारता. पण आकडे खाली आले. इतके आले की पुण्याच्या मुख्य ऑफिसातून खुलाशाचं पत्र आलं आणि गादीचा प्रश्न कुठल्या शास्त्रात बसतो, असं विचारलं. साहेबांनी एका ओळीत उत्तर दिलं: आपण येऊन खात्री करावी, येताना रुमाल आणावा. पुण्याने प्रश्न काढून टाकला आणि आकडे ठेवले.

अहवाल छापायला जायच्या आधी साहेबांनी खिशातला तो फॉर्म काढून आपांपुढे ठेवला. आता तुम्हाला पगार आहे, शून्यावर रेघ मारा, आमच्या अभ्यासातून एकाला तरी नोकरी लागली हे दिसू द्या, असं ते म्हणाले. मीही पेन पुढं केलं.

आपांनी पेन घेतलं नाही. "साहेब, फॉर्मवर छापलंय, एकतीस मार्चला तुम्ही काय करत होता," त्या म्हणाल्या. "एकतीस मार्चला मी दुकानात होते. अठ्ठावीसजणांचं खरं लिहून घेतलं आणि माझं खोटं लिहू?"

छापील अहवालात धरणगावच्या तक्त्यात आजही ते शून्य तसंच आहे: काम शोधणारी व्यक्ती एक, उत्पन्न नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तपासणाऱ्याचं नाव आहे. ते त्याच व्यक्तीचं आहे.

पुढं मी सव्वीस वर्षं हेच काम केलं. कुणी मला सरासरी कमाई सांगितली की मी दोनच गोष्टी विचारतो: कोणत्या महिन्याची, आणि विचारायला कोण गेलं होतं.