गुलाबमामाचा चिंध्यांचा फुटबॉल

बहात्तरच्या दुष्काळात तेर गावाच्या अलीकडं खडी फोडायचं काम निघालं आणि आयांबरोबर त्यांची तीन-चार वर्षांची पोरंही तिथं आली. घरी ठेवायची तरी कुणापाशी? एका पोराच्या भुवईवर दगडाची कपची उडाली, तसा मुकादम रेवणप्पा गरजला, "उद्यापासून खडीजवळ पोर दिसलं, तर त्याच्या आईला काम न्हाय!" माणूस वाईट नव्हता, तोंडानं फटकळ होता.

हातोडे-घमेली सांभाळायला तिथं गुलाबमामा होता. मिल्ट्रीतून गुडघा मोडून आलेला, पण पलटणीत लागलेलं फुटबॉलचं वेड शाबूत. "पोरं माज्याकडं द्या," तो बायांना म्हणाला. चिंध्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून त्यानं बॉल केला आणि लिंबाखाली ट्रेनिंग सुरू केलं. नाक पुसता न येणाऱ्यांचं ट्रेनिंग! बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पहिली लाथ केशरबाईच्या द्वारकीनं मारली. लगेच पळत जाऊन तिनं बॉलला हात लावला आणि कपाळाला लावला. पुढच्या पोरानंही तेच केलं.

"अगं, बॉल हाय त्यो, देव न्हाय!"

"पाय लागला की पाया पडायचं. आई म्हणती."

मामानं पाया पडायला बंदी केली. झालं! पोरांनी लाथ मारायचंच सोडलं आणि एकेक करत आईकडं, खडीकडं निघाली. रेवणप्पा दुरून बघतच होता.

मामाची पंचाईत झाली. धम्म घेतल्यापासून त्यानं दगडाधोंड्यापुढं वाकणं सोडलं होतं आणि ते तो अभिमानानं सांगायचा. पण केशरबाईसारख्या बायांची चूल याच कामावर पेटत होती. त्यानं बॉलला लाथ मारली, दुखरा गुडघा धरून वाकला, हात कपाळाला लावला. पोरं धावत परत आली. मग रांगच लागली: लाथ मारायची, पाया पडायचं, मागं जायचं. ढकलाढकली नाही, रडारड नाही.

घरी बायकोनं, मथुराबाईनं, मामाला चिडवलं, "चिंध्यांपुढं वाकला व्हय तुमी?"

"पोरांसाटी वाकलो. लई फरक हाय."

एक दिवस बॉल घरंगळत रेवणप्पाच्या पायाशी गेला. त्यानं रागानं लाथेसरशी तो लांब उडवला. एकही पोर बॉलमागं पळालं नाही. सगळी मुकादमाकडं बघत उभी राहिली.

"पाया पडा की," द्वारकी म्हणाली.

खडीवरचे हातोडे थांबले. केशरबाई हातोडा टाकून उठली. गेलं आता काम!

रेवणप्पानं इकडं-तिकडं पाहिलं. मग बॉलपर्यंत चालत गेला, वाकला, हात कपाळाला लावला. वळून बायांवर ओरडला, "बगताव काय? चालवा हातोडे!" केशरबाईनं घाईघाईनं हातोडा उचलला. डोळे मात्र पुसावे लागले तिला.

बॉल मामाच्या हातात देताना रेवणप्पा हळूच म्हणाला, "माजा नातू हाय, तीन वर्साचा. उद्या आणला तर घेशील?"

"घेतो की," मामा म्हणाला. "पर रांगंत सगळ्यांच्या मागं हुबारायचं."