जॅकवर उचललेलं चाक

परवा प्रताप नगरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकनं ग्रीसचा डबा उघडला आणि त्या जड, तेलकट वासानं मी थेट कामठी रोडच्या कडेला जाऊन पोचले.

निवृत्तीनंतर बाबांनी जीपमागे ओढायचा एक लहानसा ट्रेलर बांधून घेतला होता. आत पलंग, स्टोव्ह आणि खिडकीला आईनं शिवलेला पडदा. पहिल्याच प्रवासाला आम्ही तिघं निघालो. कामठीच्या पुढे बाबांनी थांबून चाकांना हात लावून पाहिला. उजवं गार होतं. डावं मधोमध चटका बसेल इतकं तापलं होतं.

"कालच बेअरिंग साफ करून ग्रीस भरलं मी. मग काहून तापलं?" बाबा म्हणाले. त्यांनी जॅक लावला, जास्त आवळला गेला असेल म्हणून आतला नट थोडा सैल केला आणि बेअरिंग बिघडलंय का ते ऐकायला चाक हातानं फिरवलं.

"तुले खरखर ऐकू येऊन राहिली का वं?"

मी कान लावला. आवाज आहे असं वाटलं, मग नाही असंही वाटलं. आई म्हणाली, "मले तर काहीच नाही ऐकू येत."

"मग तू सांग, पुढं जाऊ का वापस?" बाबांनी मला विचारलं. असं त्यांनी याआधी कधीच विचारलं नव्हतं. वाटेत चाक निखळलं तर, या भीतीनं मी म्हणाले, "वापस जाऊ."

तो ट्रेलर पुन्हा लांब कुठे गेला नाही. बाबा नाराज झाले, असं तेव्हा वाटलं होतं. आता त्यांच्या वयाची झाल्यावर वाटतं, कदाचित त्यांना हायसंही वाटलं असेल. त्या दिवशी रस्त्याकडेला पाने-पकड पिशवीत भरताना ते हळूच काहीतरी गुणगुणत होते.