शिर्डीहून आणलेला गाळ

नवऱ्याचं तेरावं झालं आणि दोन-चार दिवसांतच मी कामावर गेले. मॅनेजरसाहेबांचा फोन आला होता. "सावकाश या मॅडम, पण या," म्हणाले. काहीतरी बिघडलंय हे त्यावरूनच कळलं. घरी बसून तरी मी काय करत होते? भेटायला येणाऱ्यांना चहा देत होते.

नागापूर एमआयडीसीत औषधांची रसायनं बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी केमिस्ट आहे. कारखान्याचं घाण पाणी शुद्ध करणारा प्लँट माझ्याकडे असतो. तो मी नोकरीला लागले त्याच्याही बराच आधीचा. टाक्यांचं सिमेंट आम्लानं खाल्लंय, काही ठिकाणी सळया उघड्या पडल्यात. हवा सोडणारे ब्लोअर ज्या कंपनीचे, ती कंपनीच आता राहिली नाही. दरवर्षी नव्या प्लँटचं बोलणं निघतं आणि दरवर्षी मालक म्हणतात, "हे वर्ष ढकला." मग मी आणि फिटरमामा ढकलतो. मामा पाथर्डीकडचे, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या कारखान्यांच्या भंगारातून बेअरिंग, पट्टे, झाकणं शोधून आणतात. कधी बसतात, कधी बसत नाहीत. बसली नाहीत की मामा त्या भंगारवाल्याला शिव्या देतात आणि पुढच्या आठवड्यात परत त्याच्याकडेच जातात.

मी गेटमधून आत आले तेव्हा मामा हवेच्या टाकीवरच उभे होते. या टाकीतल्या गाळात जिवाणू असतात, ते पाण्यातली घाण खातात. गाळ चांगला असला की टाकीवर थोडा तपकिरी फेस असतो आणि वास ओल्या मातीचा येतो. त्या दिवशी फेस पांढराफेक होता, आणि वासानं नाक धरावं लागत होतं.

"चुन्याचा पंप अडकला मॅडम," मामा म्हणाले. "आमाला कळायच्या आत आम्लाचं पानी सगळं हिकडं आलं. म्या शेनकाला टाकला, गूळ टाकला. काय न्हाई." चुन्यानं आम्ल मरतं; ते तसंच टाकीत आलं तर जिवाणू मरतात.

मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं. डोक्यावरची टोपी काढून ते म्हणाले, "मी मातीला आल्तो. तुमी पाहिलं नसंल."

"पाहिलं होतं," मी म्हणाले. खरं तर त्या दिवसाचं मला कुणीच आठवत नव्हतं. स्कूटर अंगणात लावता लावता नवरा खाली बसला तो उठलाच नाही. त्यानंतरचं सगळं काचेपलीकडे चाललं असावं तसं झालं होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काहीच हलत नव्हतं. मी कारखान्याचं पाणी पहिल्या टाकीतच अडवायला सांगितलं आणि साहेबांकडे गेले. दोन विभाग काही दिवस बंद ठेवावे लागतील, असं त्यांना सांगितलं. साहेब वाद घालतील असं वाटलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. एरवी यासाठी मला आठवडाभर भांडावं लागलं असतं.

नुसत्या शेणानं भागणार नव्हतं, चालू प्लँटमधला जिवंत गाळ हवा होता. शिर्डीला एका मोठ्या हॉटेलच्या सांडपाण्याच्या प्लँटवर माझ्या ओळखीची एक ऑपरेटर आहे. तिला फोन केला. "पाहिजे तेवढा न्या ताई, आमच्याकडे जास्तच झालाय," ती म्हणाली. इकडे आम्ही मेलेल्या टाकीतलं आम्ल चुन्यानं मारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामा टँकरनं निघालो.

टँकरचा ड्रायव्हर बोलका होता. राहुरी मागे पडल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, साहेब काय करतात?"

"शाळेत शिक्षक आहेत," मी म्हणाले. "केडगावला."

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. खरं सांगितलं असतं तरीही बहुधा काही वाटलं नसतं.

हॉटेलच्या मागच्या अंगणात टँकर भरला. ती ऑपरेटर म्हणाली, "इथवर आलात तर दर्शन घेऊन जा." मामा जाऊन आले. मी टँकरपाशीच थांबले. हारवाल्या मुलीनं दोनदा हार पुढे केला, मग तीही गेली. मामांनी आणलेला प्रसाद मी खाल्ला. गोड होता.

येताना राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला. एक ट्रॉली आडवी झाली होती आणि ऊस रस्ताभर पसरला होता. गाळ फार वेळ हवेशिवाय राहिला तर आतल्या आत सडतो. मामा सारखे खाली उतरून पुढे बघून येत होते.

"मॅडम, तुमी काई तरी बोला की. पोलिसाला सांगा."

"सांगते," मी म्हणाले, आणि तशीच बसून राहिले. शेवटी मामाच गेले. लोकांना हाताशी धरून त्यांनी ऊस बाजूला ओढला, टँकर निघेल एवढी वाट केली. परत आले तेव्हा तळहात कापले होते. मी माझा रुमाल दिला. त्यांनी तो हाताला गुंडाळला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल."

संध्याकाळच्या आत गाळ टाकीत पडला. ब्लोअर सुरू केला, जिवाणूंना खायला थोडा गूळ, थोडं खत, आणि कारखान्याचं पाणी अगदी बेतानं. रोज सकाळी मी थेंबभर पाणी काचेवर घेऊन बघायचे. मामा दारात उभे राहून विचारायचे, "हाय का काई?"

"नाही अजून."

घरी सासूबाई असायच्या. त्याही पाथर्डीकडच्याच. मुलगा गेल्यापासून त्या दिवसभर पोथीपुढे बसून राहायच्या, पान न उलटता. एकदा जेवताना म्हणाल्या, "पोरी, तू रडत न्हाईस."

"येत नाही आई."

"मलाबी येत न्हाई," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी भाकरी टाकली.

मग एका सकाळी काचेवर ते दिसले. देठावरच्या घंटेसारखे बारके जीव, अंग आखडून घेत होते, परत उघडत होते. ते दिसले की टाकी सावरली असं आम्ही समजतो. मामांना बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"लई हायेत की," ते म्हणाले आणि हसले. मग माझ्याकडे पाहून हसू आवरलं.

"हसा मामा," मी म्हणाले. "चांगलं झालं."

चांगलं झालं हे मला कळत होतं. ते आत कुठे पोचत नव्हतं, एवढंच.

पुढे बाहेरच्या पाण्याचा नमुना पास झाला. बंद विभाग सुरू झाले. साहेबांनी पेढे वाटले. नव्या प्लँटचं बोलणं पुन्हा निघालं आणि पुन्हा मागे पडलं. चुन्याच्या पंपाला जोडीला दुसरा पंप मात्र मी हट्टानं बसवून घेतला. आम्लाचं पाणी पुढे गेलं तर कर्कश भोंगा वाजेल अशीही सोय केली. या उन्हाळ्यात टाकी अर्धी-अर्धी रिकामी करून भिंतीच्या सळया घासल्या, लेप दिला. मामा निवृत्त झालेत, पण कंत्राटावर येतात. प्लँट अजून काही वर्षं चालेल असं मी लिहून दिलंय, आणि ते खरं आहे.

सासूबाई माझ्याकडेच असतात. परवा त्यांनी मला विचारलं, "तुझ्या त्या टाकीत नेमकं काय असतं गं?" मी सांगायला लागले. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. पण मी बराच वेळ बोलत राहिले.