निरोप घेतल्याशिवाय बैठक होत नाही

कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी ऐकायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं काम फार कमी लोकांच्या नशिबी येतं. माझ्या आलं. आई-बापाचं छत्र गेलेलं मूल बालगृहात ठेवायचं की नातेवाइकांकडे द्यायचं, हे ठरवायला हल्ली कुटुंबाचीच बैठक बोलावतात. त्या बैठका नीट होतात की नाही हे पाहणारा माणूस मी. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, फक्त पत्रक भरायचं. माझ्यासारख्या बडबड्याला ही शिक्षाच. पण नाटक फुकट आणि खुर्ची पहिल्या रांगेतली.

पत्रकात एक रकाना मोठा मानाचा: ‘कुटुंबाचा खासगी वेळ’. म्हणजे सगळी माहिती देऊन झाली की सरकारी माणसांनी उठून बाहेर जायचं आणि घरच्यांनी निदान वीस मिनिटं आपसात बोलायचं. हा रकाना रिकामा राहिला तर शेवटचा निर्णय देणारी बालकल्याण समिती ती बैठक धरतच नाही. डोंगरातल्या धडगावला बैठकीची वेळ प्रवासी जीप कधी भरते त्यावर ठरते, तिथेही हा रकाना मी भरून आणला होता. अडकलो तो नंदुरबारजवळच्या एका सपाटीवरच्या गावात.

मुलगी नऊ वर्षांची. आई वारलेली, बापानं सुरतेकडे दुसरा संसार थाटलेला आणि ‘मी येत नाही’ असा निरोप धाडलेला. सहा महिने ती बालगृहात होती. पंधरा दिवसांत शाळा उघडणार होती. त्याआधी निर्णय झाला तर ती घरून शाळेत जाणार; नाहीतर पुढची तारीख दिवाळीनंतरची.

समाजमंदिरात सतरंजीवर आजी, मामा, मामी आणि मुलीचा काका बसले होते. आजी आईची आई. मुलगी तिला खेटून. आमच्या सामाजिक कार्यकर्त्या ताईंनी सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, “मग, तुमचं काय म्हणणं?”

“तुम्ही सांगशात तसं, ताई,” काका म्हणाला. मामानं मान डोलावली. मामीनं पदर पुढे ओढला. पत्रकात मी लिहिलं: सहभाग, अल्प.

“बरं, आता आम्ही बाहेर जातो. तुम्ही निवांत बोला.” ताई उठल्या, मी उठलो.

आणि अख्खं कुटुंब उठलं! आम्ही दारात, ते दारात. आम्ही पायऱ्या उतरलो, ते उतरले. लिंबाखाली आम्ही थांबलो, तर तेही हात जोडून थांबले.

“आजी, आम्ही जात नाही आहोत. तुम्ही आत बसा,” ताई म्हणाल्या.

“अशी रीत शे का?” आजी कडाडली. “पाव्हना बाहेर उभा ऱ्हायना नि घरना लोके आत बठी ऱ्हातीस?”

सगळे परत आत. पुन्हा समजावणी, पुन्हा आम्ही उठलो, पुन्हा वरात. तिसऱ्या वेळी तर काका आमच्या पुढे चालत होता, वाट दाखवायला. खासगी वेळ: शून्य मिनिटं. ताईंचा चेहरा रडवेला झाला. मुलगी एकदा आमच्याकडे, एकदा आजीकडे बघत होती.

मला बोलायची बंदी होती. निरोप घ्यायची नव्हती. मी आजीच्या पाया पडलो, काकाला राम राम केला, ताईंना आमच्या जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, “चल, फाट्यावर भजी खाऊ.” सगळं कुटुंब आम्हाला पोचवायला गावाच्या कडेपर्यंत आलं, हात हलवून झाले, आणि मग तिथेच उन्हात रस्त्याच्या मधोमध उभं राहून बोलू लागलं.

फाट्यावरून सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. काकाचे हात वर गेले. मामा बाजूला जाऊन उभा राहिला. पदर मागे सारून मामी बोलायला लागली, ती बराच वेळ थांबली नाही. एक बैलगाडी त्यांना वळसा घालून गेली. मी घड्याळ पाहिलं: अडतीस मिनिटं, दोन प्लेट भजी.

आम्ही परतलो तेव्हा त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. मामीच पुढे झाली.

“पोर मन्हा घर ऱ्हाई. पन माले माय म्हन, असं तिले कोन्हीबी सांगानं नही.”

काका म्हणाला, “सणले मी लई जाईन. तेवढं लिखा.”

ताईंनी लिहून घेतलं: सणाला काका घेऊन जाणार. मी जागेच्या रकान्यात लिहिलं: रस्ता.

दोन दिवसांनी समितीच्या कचेरीत अध्यक्षबाई त्या शब्दावर बोट ठेवून थांबल्या. “बंद खोली हवी, असं नियम सांगतो. गोपनीयता पाळली गेली का?”

“बाई,” मी म्हणालो, “आम्ही तीन शेतं पलीकडे होतो. त्यांच्या आसपास फक्त एक बैलजोडी होती.”

त्या हसल्या नाहीत. पान उलटून त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. “मामीकडे जायचं तुला? मामी म्हणते, तिला आई म्हणायची सक्ती नाही.”

“माहीत आहे,” मुलगी शाळेतल्या मराठीत म्हणाली. “मीच सांगितलं होतं तिला तसं. आज जायचं का उद्या?”

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण काढलं.

“आज,” त्या म्हणाल्या.