बांधावरची चिंच आणि माझे दोन अशील

दोष नारायणकाकांचा. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढं तुम्ही मला हसायला लागलात तरी सुरुवात कुणी केली ते लक्षात राहील.

माणूस मुखेडच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करतो. उलटतपासणीला उभा राहिला की साक्षीदार पाणी मागतो, आणि पाणी पिऊन खरं बोलतो! मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि एवढा माणूस बसतो कुठं? झेरॉक्सच्या दुकानामागं, एका पायाखाली वीट दिलेल्या टेबलाशी. तिकडं लातूरला ज्यांना साधा अर्ज धड वाचता येत नाही, ते काळ्या काचांच्या गाडीतून उतरतात. मग माझं डोकं फिरणार नाही तर काय?

माझी हकीकत छोटी. नांदेडला लॉ, दुसऱ्या वर्षी सोडलं. सर गाईड वाचून दाखवायचे आणि वर आमच्यावरच खेकसायचे. एकदा म्हटलं, "सर, हे गाईड आमच्याकडं बी हाय." संपलं शिक्षण.

"काका, फेसबुकवर पेज काढू. ब्लॉग लिहू. लोकं रांग लावतील."

"वकिलाला जाहिरात करता येत न्हाई. नियम हाय."

"नावच टाकत न्हाई ना! नुसती कायद्याची माहिती."

काका शेंगा सोलत म्हणाले, "बघ बाबा."

हा ह्या पिढीचा रोग! हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, 'बघ' म्हणायचं. वर अट घातली, "जूनपर्यंत दोन अशील आणून दाखव. न्हाई आणलेस तर गुपचूप कॉलेजात जायचं."

दोनच? मी मनातल्या मनात नाचलो.

पेज काढलं, 'बांधावरचा कायदा'. वकिलाचं नाव नाही, फोटो नाही. पहिलाच लेख, 'बांधावरचं झाड कुणाचं?' चौथ्या दिवशी मेसेज. पाठवणाऱ्याचं नाव 'एकटा वाघ', फोटोत ट्रॅक्टर. 'साहेब, माझ्या झाडावर शेजारचा हक्क सांगायलाय.' दोन दिवसांनी दुसरा. नाव 'मिस्टर परफेक्ट', फोटोत गॉगल. 'लातूरला नोकरीला असतो. गावाकडं माझं झाड एक जण बळकावायलाय.'

झाड कसलं, गाव कोणतं, मी विचारलं नाही. दोन अशील आले होते, गाव काय विचारायचं?

वाघाला लिहिलं, 'बुंधा तुमच्या बाजूला असेल तर झाड तुमचं.'

परफेक्टचा मेसेज आला, 'समोरचा बुंध्याचं बोलायलाय. काय सांगू?'

'म्हणावं, आधी सरकारी मोजणी आण.'

मग वाघ, 'साहेब, त्यो मोजणी मागायलाय!'

'सांगा, बारा वर्षं फळं मीच काढतो. वहिवाट माझी.'

परफेक्ट, 'आता वहिवाट काढलीय त्यानं.'

'सामाईक बांधावर वहिवाट कसली? पुरावा मागा.'

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं! मला वाटलं, बांधाची भांडणं सगळीकडं सारखीच असतात. उलट वाघाच्या समोरचा वकील मला आवडायलाच लागला. काय एकेक मुद्दा काढत होता राव! एकदा तर काकांना म्हटलं, "समोर लई तयारीचा माणूस हाय. तुमच्या तोडीचा."

"आपल्या तालुक्यात असा कोण हाय रे?" काका विचारात पडले.

तीन आठवड्यांनी दोघांनाही बोलावलं, रविवारी सकाळी दहाला. दोन कोरी वकीलपत्रं टेबलावर मांडून ठेवली.

वाघ आला एस.टी.नं. हडकुळा, टोपी घातलेला, हातात कापडी पिशवी. मागोमाग मोटरसायकलवरून गॉगल आला. दोघं दारातच थबकले.

"तू हितं काय करायलास?" वाघ म्हणाला.

"माझ्या वकिलाला भेटायला आलो, दादा. तू?"

दादा! म्हणजे दोघं भाऊ!

"मी बी माझ्याच वकिलाला. तुझा तर नांदेडचा मोठा वकील हाय म्हणलास की!"

"अन् तुझा हायकोर्टातला!"

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. दादानं पिशवी खाली ठेवली. धाकट्यानं गॉगल काढून खिशात घातला. मारामारी कुणाकुणात होणार, एवढंच ठरायचं बाकी होतं.

काकांनी मोबाइल मागायला हात पुढं केला. दोघांचे मोबाइल शेजारी शेजारी ठेवून सगळं वाचलं, शांतपणे, कोर्टात कागद वाचतात तसं. मग चष्मा काढला.

"मुद्दे चांगले हायत," काका म्हणाले. "दोन्हीकडचे. ह्या पोरानं तीन आठवडे स्वतःशीच केस लढवली, अन् अजून हरला बी न्हाई."

कुणी हसलं नाही. दोघा भावांच्या मुठी आवळलेल्याच.

"झाड कशाचं?"

"चिंच," दोघं एकदमच.

"यंदा चिंचा कुणी झोडपल्या?"

"कुणीच न्हाई. तुमचा हा वकील म्हणला, निकाल लागंस्तोवर हात लावू नका."

"मला बी तेच म्हणला," धाकटा.

"मग चिंचा गेल्या कुठं?"

दादा खाली बघत म्हणाला, "वानरांनी खाल्ल्या."

"म्हणजे आता वहिवाट वानरांची," काका म्हणाले. "काळजी करू नका, त्यांचं वकीलपत्र बी हाच घेईल."

आधी धाकटा फुस्सकन हसला. मग दादा. मग दोघं असे हसले की वीट सरकून टेबल कलंडलं. तीस वर्षांत त्या खोलीत किती भांडणं अशी मोडली असतील, कुणाला ठाऊक! त्याची जाहिरात मी काय करणार होतो, कपाळ?

पुढच्या वर्षी दोघांनी मिळून झोडपायचं ठरलं. गेले एकाच मोटरसायकलवर. जाताना दादा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वकीलसाहेब, पोरगा हुशार हाय. पर दोन्हीकडून हाय."

"काका," मी हळूच म्हटलं, "दोन अशील आणले होते मी."

"आणलेस की. घालवलेस बी." काकांनी दोन्ही कोरी वकीलपत्रं परत कपाटात ठेवली आणि टेबलाखाली वीट सरकवली.

पेज त्याच दुपारी बंद केलं. जूनमध्ये मी नांदेडला लॉच्या दुसऱ्या वर्षाला परत बसलो. सर तेच आहेत आणि गाईडही तेच आहे.