दाना ओलीतला तिसरा क्रिस्टल

ग्वाल्हेरात माझे पाय टिकले ते दाना ओली नावाच्या पेठेतल्या एका बाईंमुळे. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या, गावच्या नव्हत्या, आणि माझ्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नव्हतं. त्यांच्या घरातली मुलं त्यांना आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणे. हे आधीच सांगून ठेवतो. पुढची हकीकत पिकअपची आहे, आणि पिकअपविषयी बोलायला लागलो की मी माणसं विसरतो असं माझी बायको म्हणते.

मी साताऱ्याकडचा. सातवीत शाळा सोडली. मामा संस्थानच्या फौजेच्या कचेरीत कारकून होते, त्यांनी नोकरी लावून देतो म्हणून मला इकडे आणलं. मी इथे रुळतो न रुळतो तोच संस्थान विलीन झालं, फौज मोठ्या फौजेत गेली, कचेरी बंद झाली आणि मामा परत निघाले. मी थांबलो. फार विचार करून थांबलो असं नाही. गावी जाऊन काय सांगायचं ते सुचेना, एवढंच. टोपी बाजारात रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथे चिकटलो. सेठजी मला नावाने हाक मारत नसत. "ए दक्खनी" म्हणत. हळूहळू दुकानातले सगळे पिकअप माझ्या टेबलावर येऊ लागले.

पिकअप म्हणजे रेकॉर्डवर टेकणाऱ्या दांडीच्या टोकाचं डोकं. सुई रेघेतून हलते, आतल्या क्रिस्टलला पीळ देते, त्यातून इवलीशी वीज निघते आणि पुढे रेडिओतून गाणं ऐकू येतं. क्रिस्टल दिसायला खडीसाखरेच्या पातळ कपच्यासारखा. डोकं जुनं झालं की सुईला धरणारं रबर कडक होतं आणि आवाज चिरका येतो. मग ते उघडायचं, वाळलेलं रबर खरवडून काढायचं आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा बारीक तुकडा कापून तिथे बसवायचा. तार कथलाने झाळताना मध्ये चिमटा धरायचा, म्हणजे उष्णता चिमटा पितो. नाहीतर क्रिस्टल जागच्या जागी मरतो. हे माझ्या हाताला येत होतं. शब्दांत सांगायला पुष्कळ उशिरा शिकलो.

उन्हाळा लागला की मुके झालेले पिकअप यायला लागत. सेठजींचं निदान ठरलेलं असे, "गर्मी खा गई।" आणि सल्लाही ठरलेला, "मशीन घर की सबसे ठंडी जगह रखिए।" गिऱ्हाईक मान डोलवी. इथल्या उन्हाळ्यात ठंडी जगह म्हटल्यावर कोण वाद घालणार!

दाना ओलीतल्या त्या घरात मोठा रेडिओग्राम होता, रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच पेटीत. घर मराठी. वाडवडील दरबारात होते, आताचे साहेब सरकारी कचेरीत. दिल्लीला शिकणाऱ्या मुलाने नव्या तऱ्हेच्या रेकॉर्डी आणल्या होत्या, सावकाश फिरणाऱ्या, एका बाजूला अर्धा तास चालणाऱ्या. त्यांची रेघ केसासारखी बारीक. जुन्या जड डोक्याखाली ती नांगरून निघाली असती. म्हणून आम्ही मोटर बदलली आणि दिल्लीहून नवं हलकं डोकं मागवलं. त्याला नीलमण्याच्या दोन सुया, एक जुन्या रेकॉर्डींसाठी, एक नव्यांसाठी. दांडी जुनीच ठेवली. तिच्या मागच्या टोकाला शिशाचा तुकडा बांधला आणि पुढचा भार बोटावर तोलत तोलत कमी केला. पहिल्यांदा नवी रेकॉर्ड लागली तेव्हा सगळं घर दिवाणखान्यात जमलं. मी दाराजवळ उभा राहून फक्त सुईकडे बघत होतो.

ते डोकं महिनाभरही टिकलं नाही. आवाज बसत बसत गेला आणि एक दिवस काहीच येईना. दुसरं बसवलं. तेही तसंच गेलं.

ते वर्ष भोपाळचं होतं. नवं राज्य होणार, राजधानी तिकडे, कचेऱ्या तिकडे, यापलीकडे बाजारात दुसरं बोलणं नव्हतं. साहेबांचीही बदली होणार होती. आमची बरीचशी गिऱ्हाइकं अशीच, कचेऱ्यांतली. तिसरं डोकं माझ्या हातात देताना सेठजी शांतपणे म्हणाले, "देख दक्खनी, साहब लोग जा रहे हैं, काम आधा रह जाएगा। दो कारीगर मैं नहीं रख पाऊँगा। यह भी जला, तो तू अपने देस जा।"

मी ते डोकं दोन चिमटे लावून झाळलं. जेवण जात नव्हतं. रस्त्यात कुठे रेकॉर्ड वाजताना कानावर पडली की ती संपेपर्यंत मी तिथेच थांबून ऐके. मग साहेबांच्या घरून निरोप आला की मशीन पुन्हा बंद.

या वेळी सेठजी माझ्याबरोबर आले. साहेब दुपारचं जेवून पुन्हा कचेरीला निघायच्या बेतात होते, एक बूट पायात, एक हातात.

"तिसरी वेळ आहे ही," ते म्हणाले. "मशीन घेऊन भोपाळला जायचं आहे मला. तिथे काय हातानं फिरवून ऐकू?"

सेठजींनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "हुज़ूर, माल में खराबी नहीं है। यह लड़का झालने में जला देता है।"

"मग दुसरा मिस्त्री पाठवा ना! याच्यावर का अडून राहिलात?"

मी तिथेच टेबलावर डोकं उघडलं. माझी झाळ स्वच्छ होती. क्रिस्टल मात्र ओलसर होता, कडा झिजून गोल झालेल्या, तोंडात धरलेली खडीसाखर मध्येच काढावी तसा. उष्णतेने मेलेले क्रिस्टल मी पुष्कळ पाहिले होते. ते कोरडे असतात, पिठासारखा भुगा होतो.

मग मान वर केली तेव्हा खिडकी दिसली. रेडिओग्राम खिडकीला लागून होता आणि खिडकीवर वाळ्याचा जाड पडदा. इथे त्याला खस म्हणतात. भर दुपारी त्यावर पाणी मारत राहायचं, म्हणजे लू, बाहेरचा तापलेला वारा, आत येताना गार होऊन येते. घरातली सगळ्यांत थंड जागा हीच, म्हणून आमच्या दुकानाच्या सल्ल्यावरून मशीन तिथे आणलं होतं. खालची फरशी ओली होती. आणि पडद्याशी पाण्याचा तांब्या घेऊन आत्या उभ्या होत्या.

आत्या साहेबांच्या थोरल्या बहीण, विधवा, भावाच्या घरी राहणाऱ्या. पडद्याला पाणी मारणं त्यांच्याकडे होतं. मला सगळं कळलं. बोललो तर त्यांचं नाव निघणार होतं, शिवाय सेठजींचा सल्लाही खोटा पडणार होता. न बोललो तर गावचं तिकीट. मी क्रिस्टल हातात धरून नुसता उभा राहिलो.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"काय रे, ओलं आहे का ते?"

"थोडं... दमट आहे."

"दमट म्हणजे ओलंच ना? नीट सांग."

"हो."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मग याची काही चूक नाही. पाणी मी मारते. शिंतोडे मशीनवर उडतात, मी पदराने पुसून टाकते. आत जात असेल ते."

साहेब हातातला बूट विसरले. "अक्का, तुला ती मशीन म्हणजे तुळस वाटली का? सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला!"

"सकाळी नाही मारत. दुपारी मारते," आत्या म्हणाल्या. "आणि रेकॉर्ड लागली की जरा जास्तच मारते. तेवढंच ऐकत उभं राहायला कारण मिळतं."

 सेठजींना हुरूप आला. "हुज़ूर, हमने ठंडी जगह बोला था, गीली थोड़े ही बोला था!"

साहेबांनी दुसरा बूट चढवला. "ठीक आहे. याला अजून एकदा लावून बघू दे. आणि अक्का, आजपासून तू मशीनजवळ यायचं नाही. कपडासुद्धा मारू नकोस तिला."

"बरं," आत्या म्हणाल्या आणि तांब्या उचलून आत गेल्या.

मशीन आतल्या कोरड्या खोलीत हलवलं. चौथ्या डोक्यातल्या क्रिस्टलच्या कडांना मी मेण लावलं, वितळवून, पण कोमट होऊ देऊन, बारीक कुंचल्याने. वर रबराची पट्टी घट्ट बसवली. ते डोकं सगळा उन्हाळा चाललं, पावसाळाही चाललं, आणि साहेबांबरोबर भोपाळला गेलं. दुसऱ्या कारीगराला त्याच्या भावाने आग्र्याला बोलावून घेतलं. मी टोपी बाजारातच राहिलो. सेठजी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला "ठंडी और सूखी जगह" सांगू लागले, आणि हे आपणच शोधून काढलं असंही.

मी त्या घरी नंतर दोन-तीनदा गेलो, तेल द्यायला, सुई बघायला. रेकॉर्ड लागली की आत्या स्वयंपाकघरात असत. मधलं दार बंद असे. एकदा निघताना मी कसंबसं म्हणालो, "आत्या, तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून..."

"अरे, खरं होतं ते बोलले," त्या म्हणाल्या. "तू खाऊन राहिलास की नाही? किती वाळला आहेस."

माझ्या पोटाची काळजी त्यांनी केली. दाराचं मी काही केलं नाही. काय करणार होतो म्हणा.

आता दाल बाजाराच्या तोंडाशी माझं स्वतःचं लहानसं दुकान आहे. साहेबांचा मुलगा कधी ग्वाल्हेरात आला की डोकं दुरुस्तीला घेऊन येतो. आत्या भोपाळलाच आहेत, गुडघे धरले आहेत, खोलीतून फारशा बाहेर येत नाहीत, असं तो सांगतो. मोठं मशीन तिथे दिवाणखान्यात आहे.

मला त्यांना एक मशीन द्यायचं आहे. लहान, बसल्या जागी हात पोचेल असं, दांडी हलकी, सुई चुकून आपटली तरी रेकॉर्ड खरवडणार नाही असं. अजून मनासारखं जुळलेलं नाही, आणि जुळेपर्यंत त्या असतील ना, ही धास्ती मला असते. पण ते होईल तेव्हा मी कोणाच्या हाती पाठवणार नाही. भोपाळला स्वतः घेऊन जाईन, त्यांच्या खोलीत त्यांच्या पलंगाशी मांडीन, आणि पहिली रेकॉर्ड त्यांनाच लावायला सांगेन.